द्विशृंगी प्रश्न : संप, मत आणि तत्त्वनिष्ठा

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्ताचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांना परिचित असेल. निगण्ठ नातपुत्त राजपुत्र अभयाला एक प्रश्न पढवून तथागतांकडे पाठवितो. इतरांना अप्रिय वाटेल असे वचन तथागत उच्चारतील काय? ‘होय’ म्हणाले तर सामान्य माणसात आणि तथागतांत भेद तो काय राहिला? ‘नाही’ म्हणाले तर देवदत्ताविषयी त्यांनी कठोर शब्द कसे काढले? पाली परंपरेत अशा प्रश्नाला ‘उभतोकोटिक’ म्हणजे दोन टोके असलेला प्रश्न म्हणतात. गिळला तरी घशात अडकतो, ओकला तरी घसा फाटतो. तथागत त्या प्रश्नाच्या कोणत्याच शिंगावर चढत नाहीत. याचे एकांगी उत्तर नाही, असे सांगून ते अभयाच्या मांडीवरील तान्ह्या बाळाकडे बोट दाखवितात. या बाळाच्या घशात खडा अडकला तर तू काय करशील? अभय म्हणतो, रक्त निघाले तरी मी तो बाहेर काढीन, कारण मला त्या बाळाविषयी अनुकंपा आहे.

हे सुत्त आज आठवण्याचे कारण असे की बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या राजकारणाविषयी असाच एक द्विशृंगी प्रश्न गेली अनेक दशके आमच्यापुढे टाकला जात आहे. १९२९ साली मुंबईच्या गिरणी संपाला त्यांनी विरोध केला; १९३८ साली त्याच मुंबईत, ज्या कम्युनिस्टांना विरोध केला होता त्यांच्याच खांद्याला खांदा लावून त्यांनी संप घडवून आणला. संप हे कामगाराचे न्याय्य हत्यार असेल तर १९२९ ची भूमिका द्रोहाची ठरते; संपाला विरोध योग्य असेल तर १९३८ ची भूमिका संधिसाधूपणाची ठरते. असा हा सापळा आहे. त्याला उत्तर देताना आमच्यापैकी बहुतेकांची जी तारांबळ उडते, तीच या लेखाचा विषय आहे. बाबासाहेबांवर आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे समर्थन करणाऱ्या लेखनाची आम्ही येथे अधिक कठोरपणे तपासणी करणार आहोत. घरचे भांडे आधी घासावे, एवढाच त्यामागील हेतू आहे.

डाव्या लेखनातील आक्षेप एका वाक्यात सांगता येण्यासारखा आहे. वर्ग हेच ज्याला अंतिम सत्य वाटते त्याला वर्गैक्य मोडणारी प्रत्येक कृती प्रतिगामी दिसते, मग ती कोणी व का केली हे पाहण्याची त्याला गरज उरत नाही. या आक्षेपाची परतफेड आमच्या चरित्रग्रंथांनी आणि गौरवलेखांनी दोन प्रकारे केली आहे. एक प्रकार मौनाचा. जयंतीच्या अंकांतून १९३८ चा संप मोठ्या टायपात येतो आणि १९२९ चा संप गळून पडतो. धनंजय कीर यांनी आपल्या चरित्रात ते प्रकरण लपविलेले नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु त्यानंतरच्या छोट्या पुस्तिका चाळल्या तर हा वगळण्याचा व्यवहार सहज दिसून येतो. दुसरा प्रकार याहून घातक आहे. त्यात प्रत्येक निर्णयाला ‘दूरदृष्टी’ हे एकच विशेषण लावले जाते. जे केले ते दूरदृष्टीने केले, म्हणून ते बरोबर. हा युक्तिवाद नसून श्रद्धावचन आहे. कालामांना दिलेल्या उपदेशात, केवळ आपला गुरू सांगतो म्हणून काहीही स्वीकारू नका, असे तथागतांनी बजावले आहे. आमच्याच शास्त्याच्या बाबतीत आम्ही तो उपदेश गुंडाळून ठेवावा, यासारखा विपर्यास नाही.

विशेष म्हणजे या सापळ्यातून सुटण्याची किल्ली खुद्द बाबासाहेबांनीच देऊन ठेवली आहे. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ च्या अभिभाषणात त्यांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला. नियम हा कृतीचा ठरीव नमुना असतो. तो पाळायचा असतो किंवा मोडायचा असतो. तत्त्व ही विचाराची पद्धत असते. ते माणसाला कोणत्या दिशेने विचार करावा हे सांगते, पण नेमके काय करावे हे ठरविण्याची जबाबदारी त्याच्यावरच सोपविते. तत्त्वानुसार केलेली कृती चुकू शकते, पण ती जबाबदारीची कृती असते. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्याकडून घेतलेला हा विचार पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेच्या विवेचनात पुन्हा येतो. बुद्धाने अहिंसा नियम म्हणून नव्हे तर तत्त्व म्हणून सांगितली, असे बाबासाहेब तेथे प्रतिपादन करतात. वीस वर्षांच्या अंतराने, एकदा हिंदू धर्माची चिकित्सा करताना आणि एकदा धम्माची मांडणी करताना, तोच भेद त्यांनी वापरला, यावरून त्यांच्या विचारात त्याचे स्थान किती मध्यवर्ती होते हे ध्यानात येते.

मग प्रश्न असा की ‘संप करावा’ हा नियम आहे की तत्त्व?

याचे उत्तर शोधण्यासाठी गिरणगावात जावे लागते. १९२८ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. त्याच संपातून गिरणी कामगार युनियन उदयास आली. परंतु या दीड लाखांत सर्वांची स्थिती एकसारखी नव्हती. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. साचेखात्यात पगार अधिक, म्हणून ते बंद. कताईकडील कमी पगाराची खाती तेवढी खुली. ही बंदी गिरणीमालकाने घातलेली नव्हती. ज्याच्याबरोबर एकाच मैदानात उभे राहून ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ म्हणायचे, त्यानेच ती घातली होती.

बाबासाहेबांनी युनियनच्या नेत्यांना स्पष्ट विचारले की सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी तुमच्या मागण्यांच्या यादीत आहे काय? नसेल तर माझ्या लोकांना मी संपापासून दूर राहण्यास सांगेन. तेव्हा ती मागणी यादीत आली, पण मोठ्या नाखुशीने आली. मालकांनीही, हा अन्याय काही आम्ही केलेला नाही, असे म्हणून हात झटकले; आणि दुर्दैवाने ते खरे होते. संप मिटला. अस्पृश्य कामगार मात्र पठाणाच्या व्याजात अडकला. ज्याच्याजवळ गावी शेताचा तुकडा होता तो सहा महिने गावी जाऊन राहू शकला. ज्याच्याकडे जमीनही नाही आणि सावकाराकडे पतही नाही, त्याचे सहा महिने निराळे असतात. गिरणीच्या भोंग्याचा आवाज सर्वांना सारखा ऐकू येतो, पण तो बंद झाल्यावरची शांतता सर्व चाळींत सारखी नसते.

या पार्श्वभूमीवर, २६ एप्रिल १९२९ रोजी, म्हणजे आधीच्या संपाचे कर्ज अंगावर असताना, दुसरा सार्वत्रिक संप पुकारला गेला. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला आणि अस्पृश्य कामगारांनी कामावर जावे असा प्रचार केला. येथे आमच्या लेखकांनी जी गोष्ट सांगायला हवी होती ती ते सांगत नाहीत. या संपाच्या महिनाभर आधी, २० मार्च रोजी, मीरत खटल्याची धरपकड झाली होती आणि डांगे, निंबकर, मिरजकर यांच्यासारखे युनियनचे प्रमुख नेते तुरुंगात होते. ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंनी बोलते. नेतृत्व गजाआड असताना संप पुकारणे अविचाराचे होते, असे तिच्यावरून म्हणता येते; आणि सरकारने ज्या संघटनेचा कणा मोडला होता तिला त्याच क्षणी विरोध केल्याने मालकांचे फावले, असेही म्हणता येते. आम्हांस दोन्ही विधाने खरी वाटतात. संप फसला आणि युनियनची ताकद ओसरली. तो बाबासाहेबांमुळे फसला असे म्हणणे हे त्यांच्या विरोधाला वाजवीपेक्षा अधिक श्रेय देणे आहे, पण त्यांच्या भूमिकेची कोणाला काहीच किंमत द्यावी लागली नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल.

आता १९३८ कडे वळू. मधल्या काळात पुष्कळ काही घडले होते. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत त्याने मुंबई विधिमंडळात लक्षणीय यश मिळविले. खोतीविरोधी विधेयक मांडले गेले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील कुळांचा मोर्चा मुंबईत आला. तरीही सप्टेंबर १९३७ मध्ये सातारा जिल्ह्यातील मसूर येथील परिषदेत, कम्युनिस्टांशी आपला मेळ बसणे शक्य नाही, ते कामगारांचा उपयोग आपल्या राजकीय हेतूसाठी करतात, असे बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे सांगितले होते. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू असल्याचे त्यांनी जाहीर केले. आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. मसूरपासून परळच्या कामगार मैदानापर्यंतचा हा प्रवास अवघ्या चौदा महिन्यांचा आहे.

माणूस बदलला की परिस्थिती बदलली? आमच्या मते दोहोंपैकी काहीच फारसे बदलले नव्हते. बदलला होता तो प्रश्न. १९२९ चा प्रश्न होता : हा विशिष्ट संप, या विशिष्ट वेळी, या लोकांनी करावा काय? १९३८ चा प्रश्न होता : संप करण्याचा अधिकार कामगाराजवळ राहावा काय? बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने आणलेल्या त्या विधेयकाने सक्तीच्या समझोत्याची लांबलचक प्रक्रिया संपाच्या वाटेत उभी केली होती आणि ती ओलांडून केलेला संप शिक्षेस पात्र ठरविला होता. सप्टेंबर १९३८ मधील बाबासाहेबांचे विधिमंडळातील भाषण शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे. आमच्या अभ्यासवर्गांतून ते वाचले जात नाही याचा खेद वाटतो. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, तो दिवाणी स्वरूपाचा दोष आहे, त्याला गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे आणि ती गुलामगिरी होय, अशी त्या भाषणाची तर्कपद्धती आहे. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव आहे, असे ते तेथे सांगतात.

ही तर्कपद्धती नीट पाहिली म्हणजे १९२९ आणि १९३८ यांतील विरोध मावळतो. संप हा ज्याचा स्वातंत्र्याचा हक्क आहे त्याला संप न करण्याचेही स्वातंत्र्य असले पाहिजे. १९२९ मध्ये बाबासाहेबांनी सरकारकडे संपबंदी मागितली नव्हती. आपल्या लोकांना, तुमचे हित यात नाही, एवढेच सांगितले होते. १९३८ मध्ये सरकारच तो निर्णय कामगाराच्या हातून काढून घेऊ लागले तेव्हा ते रस्त्यावर उतरले. निर्णय कामगाराचा, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी तेच आहे. ‘प्रत्येक संपात सामील व्हावे’ हा नियम त्यांनी कधीच मान्य केला नव्हता, म्हणून तो मोडल्याचा दोषही त्यांच्याकडे येत नाही. ज्यांच्याशी आपले पटत नाही त्यांच्याबरोबर एका दिवसापुरते एका मागणीसाठी उभे राहणे हा व्यवहार आहे. पण त्या एका दिवसाने मसूरचे भाषण मागे घेतले गेले नाही, आणि तसे भासविण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. (त्या विधेयकाच्या वंशावळीतील १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ‘प्रातिनिधिक युनियन’चे जे जोखड गिरणी कामगाराच्या मानेवर ठेवले, त्याची किंमत १९८२ च्या संपात किती मोठी ठरली हे मुंबईकर वाचकांना सांगायला नको.)

येथपर्यंत आमचे काम सोपे होते. तत्त्व आणि नियम यांचा भेद हाती आला की बाबासाहेबांचे समर्थन आपोआप होते, असे कोणास वाटेल. पण हे शस्त्र दुधारी आहे. तत्त्व माणसाला निर्णयाची मोकळीक देते, मग ती मोकळीक कोठे संपते? प्रत्येक तडजोडीला, ‘मी नियम मोडला, तत्त्व नाही’ असे म्हणता येईल. म्हणून आम्ही एक अवघड उदाहरण मुद्दाम पुढे ठेवतो. आमच्या नियतकालिकांतून त्याची चर्चा झालेली आमच्या पाहण्यात नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांचा दिवस, त्रिपक्षीय मजूर परिषद, युनियनला सक्तीने मान्यता देण्याचे विधेयक ही त्या काळातील कामे आम्ही अभिमानाने सांगतो आणि ती सांगितलीच पाहिजेत. परंतु त्याच काळात, १९४३ मध्ये, कोळसा खाणींत जमिनीखाली स्त्रियांना कामावर ठेवण्यास असलेली बंदी उठविण्यात आली. ही बंदी दीर्घ प्रयत्नांनी १९३० च्या दशकात पूर्णत्वास गेली होती आणि तिला भारताने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचे पाठबळ होते. युद्धासाठी कोळसा हवा होता, पुरुष मजूर लष्करी बांधकामांकडे वळले होते, म्हणून संथाल, बाउरी आदी समाजांतील स्त्रिया पुन्हा खाणीत उतरल्या. स्त्रियांच्या संघटनांनी निषेध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर चर्चा झाली आणि निर्णयाचे समर्थन करण्यासाठी उभे राहिले ते मजूरमंत्री डॉ. आंबेडकर.

त्यांनी काय सांगितले? हा आणीबाणीचा उपाय आहे, कायमचा नाही. आणि त्याबरोबर स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन देण्याची अट घातली आहे, जी आजवर कोणत्याही उद्योगात नव्हती. १९४६ च्या आरंभी बंदी पुन्हा लागू झाली. म्हणजे शब्द पाळला गेला. तरीही आम्हांस हे समर्थन अपुरे वाटते, आणि ते तसे म्हणण्यात बाबासाहेबांचा अनादर होतो असे आम्ही मानीत नाही. १९२९ च्या निर्णयात ज्यांना किंमत द्यावयाची होती ते बाबासाहेबांचे आपले लोक होते. त्यांच्या चाळींत ते हिंडत होते, त्यांचे म्हणणे त्यांच्या कानांवर पडत होते. झरिया आणि राणीगंजच्या खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला कोणी विचारले होते? समान वेतनाची अट मोलाची होती, पण खाणीच्या तळाशी असलेल्या गर्भवती स्त्रीला ती किती उपयोगी पडली? निर्णय दुसऱ्याने घ्यावा आणि त्याचे ओझे तिने वाहावे, हे १९३८ च्या भाषणातील तत्त्वाशी जुळत नाही. तेथे बाबासाहेब कामगाराच्या बाजूला उभे होते. येथे सरकारच्या खुर्चीवर होते. खुर्ची बदलली की दृष्टी थोडी तरी बदलते, हे त्यांच्याबाबतही खरे असेल तर आमच्या आजच्या पुढाऱ्यांबाबत किती खरे असेल!

आता अभयराजकुमार सुत्ताकडे परत येऊ. बाळाच्या दृष्टान्तानंतर तथागत वचनांचे वर्ग पाडतात. जे असत्य आणि अहितकर ते बोलायचे नाही, मग ते प्रिय असो वा अप्रिय. जे सत्य पण अहितकर तेही बोलायचे नाही. जे सत्य आणि हितकर ते बोलायचे, पण काळ ओळखून. या वर्गीकरणात एक जागा रिकामी आहे आणि अभ्यासकांनी तिच्याकडे लक्ष वेधले आहे. जे असत्य पण हितकर आहे, असा वर्गच त्यात नाही. व्यवहाराला येथे भरपूर जागा आहे. काळ ओळखणे म्हणजे व्यवहारच. परंतु ‘खोटे पण उपयोगी’ या गोष्टीला तथागत दारातच येऊ देत नाहीत. १९४४ च्या निर्णयाविषयी आम्ही काहीही म्हणालो तरी तो या कसोटीवर या एका अर्थाने टिकतो की त्यात असत्य नव्हते. उद्देश, मुदत आणि अट सभागृहात उघडपणे सांगितली गेली होती. ती हितकर होती काय, हा आमचा आक्षेप.

मतदानाच्या क्षेत्रात मात्र या कसोटीचे तेज स्वच्छ दिसते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. डांगेही सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. त्या निवडणुकीत मते ‘कुजविण्याचा’ प्रचार झाला, म्हणजे दुसरे मत मुद्दाम निकामी करण्यास मतदारांना सांगण्यात आले, असा आरोप झाला. बाबासाहेब काँग्रेसचे काजरोळकर यांच्याकडून १४,५६१ मतांनी पराभूत झाले आणि बाद ठरलेली मते ७४,३३३ होती. बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली.

दोन वर्षांनी, मे १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ, पुन्हा अशोक मेहता सोबतीला. विदर्भातील जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत त्या निवडणुकीचा एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. मेहतांचे मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांना देणार नाहीत, अशी फेडरेशनच्या कार्यकर्त्यांना शंका आली. मग आपल्या लोकांनी तरी दुसरे मत का द्यावे? ते कुजवावे. त्या वेळच्या पद्धतीत अनुसूचित जातीच्या उमेदवाराला पुरेशी मते पडली तर तो सर्वसाधारण जागेवरही निवडून येऊ शकत असे; तेव्हा सर्वसाधारण उमेदवारांची मते घटविली की बाबासाहेबांचा मार्ग मोकळा होतो, असा तो हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. बाबासाहेबांनी नकार दिला. मी पडलो तरी चालेल, पण मत कुजवायला मी सांगणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. ते भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. अशोक मेहता निवडून आले.

एकोणतीस सालचा व्यवहारी माणूस येथे अचानक हट्टी कसा झाला? आमच्या गौरवलेखकांना हा प्रसंग फार प्रिय आहे, पण १९२९ च्या शेजारी ठेवून तो वाचण्याचे कष्ट ते घेत नाहीत. तसा वाचला तर असे दिसते की १९२९ मध्ये नियमाला चिकटून राहण्याची किंमत दुसऱ्यांच्या चुलीने दिली असती. १९५४ मध्ये तत्त्वाची किंमत त्यांची स्वतःची जागा होती. दुसऱ्याच्या पोटाशी गाठ असते तेथे ते लवचीक होते. स्वतःच्या पदाशी गाठ आली तेथे ते वाकले नाहीत. आमच्याकडे आज बहुधा उलटे घडते. शिवाय दुसरे मत हा तेथे सहकाऱ्याला दिलेला शब्द होता. तो उघड मोडणे वेगळे आणि युती चालू आहे असे भासवून आतून कुजविणे वेगळे. हे दुसरे म्हणजेच सुत्तातील ती रिकामी जागा, असत्य पण उपयोगी. एक मान्य केले पाहिजे की बाबासाहेब तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते, म्हणून पराभवाने त्यांचा आवाज संसदेतून नाहीसा होणार नव्हता. हे स्मरण ठेवल्याने प्रसंगाची उंची कमी होत नाही. फक्त तो दंतकथा न राहता माणसाचा निर्णय राहतो.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. मत कुजविण्याचा प्रश्न मात्र वेगळ्या वेषात उरला. रिपब्लिकन चळवळीतील मतदाराला दर निवडणुकीत तोच द्विशृंगी प्रश्न विचारला जातो. आपल्या उमेदवाराला मत दिले तर ‘मत वाया गेले आणि शत्रू निवडून आला’. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला दिले तर ‘चळवळ विकली’. १९९८ मध्ये काँग्रेसशी समझोता करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघेही लोकसभेवर गेले, आणि तेही खुल्या जागांवरून. व्यवहाराचा हा विजय आम्ही कमी लेखीत नाही. पण त्या ऐक्याचे पुढच्याच निवडणुकीपर्यंत काय झाले तेही सर्वज्ञात आहे. समझोता झाला हा दोष नव्हता. तो कोणत्या मागणीसाठी, किती मुदतीचा आणि कोणत्या अटीवर, हे मतदारांना १९४४ च्या सभागृहाइतके तरी स्पष्ट सांगितले गेले होते काय? ज्यांनी ती मते दिली त्यांच्या वस्तीत हा प्रश्न विचारून पाहावा.

‘वाया गेलेले मत’ या शब्दप्रयोगाविषयी आमची एक तक्रार आहे. ज्या मताने कोणी निवडून येत नाही ते वाया गेले असे म्हणायचे असेल, तर १९५२ मध्ये बाबासाहेबांना पडलेली सव्वा लाखाच्या घरातील मते वाया गेली असे म्हणावे लागेल. तसे म्हणण्यास आमच्यापैकी कोणाची जीभ रेटेल? वाया गेले ते मत, जे देणाऱ्याने समजून दिले नाही किंवा ज्याचा अर्थ त्याच्यापासून लपवून ठेवला गेला. उलट, समजून उमजून, अमुक उमेदवार पाडणे आज अधिक निकडीचे आहे असे ठरवून, आपल्या नसलेल्या पक्षाला दिलेले मत हेही स्वच्छ मत असू शकते. भिक्खू संघाने किंवा एखाद्या संस्थेने त्याला धम्मद्रोह म्हणू नये. आणि धम्माच्या नावाने कोणा पक्षाला मते देण्याचे आदेशही काढू नयेत. विहाराच्या ओट्यावर असे आदेश निघतात हे आम्ही ऐकून आहोत.

संपाच्या बाबतीतही प्रश्न जुना झालेला नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी किमान १४ दिवसांच्या नोटिशीची आणि समझोत्याच्या काळात संप न करण्याची अट घातली. पूर्वी अशी नोटीस लोकोपयोगी सेवांपुरती होती. १९३८ चे भाषण हाती धरून तिची चिकित्सा करणारा लेख आमच्या अंकाकडे अद्याप आलेला नाही. आला तर आम्ही तो आनंदाने छापू. मात्र लेखकाने १९२९ चाही विचार करावा. आज कंत्राटी सफाई कामगारांत आमची माणसे कोणत्या संख्येने आहेत आणि कायम कामगारांच्या युनियनच्या मागणीपत्रात त्यांचे कलम कितव्या क्रमांकावर असते, हे पाहिल्याशिवाय एकजुटीचा उपदेश करू नये.

आमच्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा एक वृद्ध उपासक बराच वेळ गप्प बसून होते. त्यांची हयात परळच्या एका गिरणीत गेली. १९८२ च्या संपात ते अखेरपर्यंत राहिले आणि नंतर कामावर परत घेतले गेले नाहीत. तरुण मुलांनी त्यांना विचारले, “बाबा, तुम्हांला पश्चात्ताप होतो का?” ते म्हणाले, पश्चात्ताप नाही, पण संप किती दिवस चालेल हे आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. मग थोडे थांबून म्हणाले, “आमचे आजोबा कताईत होते, वडील कताईत होते. साचेखात्यात आमच्या घरातला पहिला माणूस मी. धोटा हातात घेतला तेव्हा शेजारचा कामगार काही बोलला नाही. पण त्याने कांडी बदलून घेतली.”